हिरव्या पट्टीत उघडलेलं दार

मी, खाली सही करणारी, वय ४३ वर्षे, धंदा – चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार – त्याच दुकानामागच्या गल्लीत, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

माझे पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. कामावर जाण्यायेण्यास ते उभ्याने चालवायची विजेची स्कूटर वापरतात. पूर्वी ते फुटपाथवरून जात. मागच्या महिन्यात नवा नियम लागू झाला. वाहतूक पोलिसाने त्यांना थांबवून सांगितले की, फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा आहे, स्कूटरसाठी रस्त्याच्या कडेला हिरवी पट्टी आखली आहे, तिथूनच जा. घरी येऊन पती मला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे गं. म्हातारी माणसं दचकतात." तेव्हापासून ते पट्टीतूनच जात होते.

काल दुपारी मी दुकानात काउंटरवर होते. समोर हिरव्या पट्टीत एक पांढरी मोटार उभी होती. पती स्कूटरवरून येताना मला दिसले. पट्टी अडलेली असल्याने त्यांनी मागे वळून पाहिले, हात दाखवला आणि ते मोटारीच्या बाजूने पुढे निघाले. तेवढ्यात चालकाचे दार उघडले. दाराची कड त्यांच्या तोंडावर बसली व ते रस्त्यावर पडले. मी धावत बाहेर गेले. गिऱ्हाइकाचा चष्मा माझ्या हातातच होता, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळले.

मोटारवाले गृहस्थ जागेवर म्हणाले, "मी दोनच मिनिटं थांबलो होतो. हे स्कूटरवाले कुठूनही घुसतात." मी म्हणाले, "तुम्ही त्यांच्या जागेत थांबला होतात."

पतींचा जबडा मोडला आहे. तारेने बांधल्यामुळे त्यांना बोलता येत नाही. संध्याकाळी माझे दीर दवाखान्यात आले व म्हणाले, "वहिनी, तो माणूस माफी मागतोय. स्कूटर घसरली म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा. कशाला पोलिसांचं झेंगट मागे लावून घेता?"

मी म्हणाले, "भाऊजी, फुटपाथवरून उतरा म्हणाले, हे उतरले. पट्टीतून जा म्हणाले, पट्टीतून गेले. आता घसरले म्हणून सांगू? मग यांनी जायचं तरी कुठून?"

पतींनी माझा हात ओढून घेतला व तळव्यावर बोटाने अक्षर काढले. मला पहिल्यांदा वाचता आले नाही. त्यांनी पुन्हा काढले. 'जा' असे होते. म्हणून मी आज आले.

या जबाबात आधी "तोल जाऊन पडले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. त्यांचा तोल गेला नव्हता.

सदर गृहस्थ आज ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. मला पाहून उठले व म्हणाले, "बाई, मी आरशात बघितलंच नाही." मी म्हणाले, "मला नका सांगू. आत चला आणि साहेबांना सांगा." ते माझ्यामागून आत आले व साहेबांसमोर तसेच बोलले. त्यांचा जबाब वेगळा घेणार आहेत असे समजले.

त्यांची माफी मी ऐकली आहे. तरीही पट्टीत मोटार उभी केल्याबद्दल व न बघता दार उघडल्याबद्दल माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. ती मी मागे घेणार नाही. पती बरे झाल्यावर त्याच पट्टीतून कामावर जातील.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे व ते खरे आहे. खोडलेल्या ओळीशेजारी वेगळी सही केली आहे.