कायमच्या प्रवेशबंदीतील किरकोळ रजेबाबत

विषय – अर्जदारास शहरातील चारही पत्त्यांच्या क्लबांत, स्वतःच्याच विनंतीवरून, कायमची प्रवेशबंदी करून मिळणेबाबत. संदर्भ – पत्नीचा तोंडी आदेश. – हां, असं सुरू व्हायला हवं, मॅडम. तुमच्या ह्या छापील कागदावर विषयच नाही, संदर्भ तर नाहीच. 'मला जुगार थांबवायचा आहे, मला आत घेऊ नये' – एक ओळ, खाली सहीची रेघ, संपलं. असा कुठे अर्ज असतो? चौतीस वर्षं मी आवक टेबलावर काढली – ऑफिसात मला परतराव म्हणायचे, त्रुटी काढून अर्ज परत पाठवायचो म्हणून. मागून म्हणायचे हो. तोंडावर – नाही, तोंडावरही परतरावच म्हणायचे, खोटं कशाला बोलू. इथे खोटं बोलू नये असं तुम्ही ह्या व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवरच लावलंय.

सही करतो की, पळून जात नाही. फक्त एक शंका – 'कायमची' म्हणजे किती? माणूस नोकरीत कायम होतो, पण त्याला रजा असते. इथे रजेची तरतूद कुठे आहे? वर्षाला आठ किरकोळ, जास्त मागत नाही. आठ दिवस बंदीतून रजा, न वापरलेल्या पुढच्या वर्षी जमा. – नाही? अर्ध्या दिवसाचीही नाही? बरं, तो मुद्दा सोडला. सोडला म्हणजे राखून ठेवला. आणि हा नंबर कशाचा? हुक्की आली की फोन करायचा – कधीही? आणि कोणी उचलतं? आमच्या ऑफिसातला फोन चौतीस वर्षांत मी तीनदा उचललेला पाहिला, त्यातही एकदा पुसायला. उचलून रागावतात का? – नुसतं ऐकून घेतात. आणि दर गुरुवारची बैठक, तीही फुकट. मॅडम, फुकट आणि ताबडतोब म्हटलं की मला संशय येतो, सवयच आहे.

नाही नाही, मी तसा जुगारी नाही. क्लबात जायचो ते वेळ जावा म्हणून. निवृत्तीनंतर चार महिने मी घरातल्या भाजीच्या यादीत त्रुटी काढल्या, तेव्हा हीच म्हणाली, अहो, कुठेतरी बाहेर जा. गेलो. आठवड्यातून एकदा. – दोनदा लिहा. लिहिताय कशाला? – बरं, रोज लिहा. रविवारी सकाळ-संध्याकाळ. पण क्लब बंद असला की मी अगदी शांत असतो. म्हणजे बसथांब्यावर उभं राहून पुढची बस लाल येते की निळी, एवढीच पैज. तीही अनोळखी माणसाशी. ओळखीचे हल्ली पुढच्या थांब्यावर जाऊन उभे राहतात, पायांना व्यायाम म्हणून असेल.

ही? ही बहिणीकडे आहे. सहा आठवडे झाले. भांडण वगैरे काही नाही – गुडघ्याचं ऑपरेशन झालं हिचं. म्हणजे ऑपरेशनमुळे गेली असं नाही, ऑपरेशन चालू असताना – हे लिहू नका. मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ, त्यांचे वडील पलीकडच्या खोलीत, त्यांचाही गुडघाच. वेळ जाता जाईना. पस्तीस वर्षांचा संसार दारापलीकडे गुंगी देऊन आडवा केलेला, काय करणार माणूस? मी म्हटलं, बघू या कुणाचं आधी होतंय. आता अशी पैज म्हणजे प्रार्थनाच की, मॅडम – लवकर व्हावं, सुखरूप व्हावं. दार उघडलं, हिला बाहेर आणलं, नर्स म्हणाली, छान झालं हो – आणि मी शेजाऱ्याला म्हणालो, 'काढा.' एवढा एकच शब्द. मला वाटलं ही गुंगीत आहे. गुंगीतच होती. डोळे मिटूनच विचारलं, 'किती मिनिटांनी जिंकलात?' मी म्हटलं, अकरा. – सांगायला नको होतं का? तिनं विचारलं म्हणून सांगितलं.

मग काठी घेऊन चालायला लागली, मग काठीवाचून, आणि ज्या दिवशी जिना उतरता आला त्या दिवशी बॅग घेऊनच उतरली. नव्या गुडघ्यावर. म्हणाली, बंदीचा अर्ज करा, शिक्का मारलेली प्रत आणून दाखवा, मग येते. तीही आमच्याच ऑफिसातली, जावक टेबल – शिक्का दिसल्याशिवाय तिला काही खरं वाटत नाही. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, रोज चढते-उतरते म्हणे. मेहुणी माझी बाजू घेण्यातली नाही – असो. मी एकटाच असतो घरी. भाजीची यादी आता मीच करतो. तीत काही चुकतच नाही, दोनच भाज्या असतात.

करतो हो सही. तुम्हाला बंद करायची वेळ झाली, कळतं मला. अडचण एवढीच की, आत येताना तुमच्या दारावरच्या वॉचमनशी जरा बोलणं झालं. तो म्हणाला, 'काका, इथे आलेला प्रत्येक जण सही करूनच जातो.' आता 'प्रत्येक जण' म्हटल्यावर – मी म्हटलं, मी नाही करणार. लागली. चहाची हो, नुसत्या चहाची. चहाची पैज धरतात का? – धरतात. बरं. म्हणजे सही केली की वॉचमनशी हरलो, नाही केली की हिच्याशी. पण त्याची ड्यूटी सहाला बदलते. तोवर मी इथेच बसतो, तुम्ही तुमचं काम करा. तो गेला की सही करतो – कोणीच हरलं नाही. नियमात बसतं की नाही?

कुठे निघालात? अहो मॅडम, त्याला कशाला – या, या वॉचमनदादा. उभे का, बसा ना. काही झालेलं नाही अजून. दोघं असे माझ्या हाताकडे बघत राहिलात तर तो चालेल कसा? चहा पाजतो तुम्हाला. हरलो असं समजा. – नाही, समजा नाही. हरलो. – मॅडम, मी सांगतो तशी नोंद घ्या. अर्जदार समक्ष हजर. अर्ज वाचला. त्रुटी नाही. अर्जदाराने पेनाचे टोपण काढले आहे. सही बाकी. अर्ज प्रलंबित.