टाचेखालचो तीळ

डॉ. अक्षया : काका, चप्पल काढा म्हटलं, तर तुम्ही शर्टाची बटणं सोडताय.

गुरुदास : डॉक्टर म्हटल्यार आधी छाती दाखवची, असा माका वाटला.

मथुरा : छातयेत काय नाय हो, डॉक्टर. डाव्या टाचेखाली बघा. काळो तीळ आसा, आणि तो वाढता.

गुरुदास : तीळ खंयचो? कालवाची शिंपी लागलेली, त्याचो डाग. होडयेवाल्याच्या पायाक डाग नाय तर काय मोगऱ्याचो वास येतलो?

डॉ. अक्षया : शिंपी कधी लागली?

गुरुदास : गेल्या शिमग्याक.

मथुरा : खोटा! त्याच्या आदल्या चवथीक मी बघलेलंय. पडवेत निजलेले, पाय उंबऱ्यार. माका वाटला होडयेचा डांबर लागला, म्हणान खोबरेल लावन पुसूक गेलंय. डाग जावक नाय, पण हे जागे झाले. म्हणतत कसे, गुदगुल्यो कित्याक करतंस?

गुरुदास : ह्या सगळा डॉक्टरांका सांगूक होया?

डॉ. अक्षया : हवंच. मग काय उपाय केलात?

मथुरा : वजरेन टाच घासल्यानी. मगे शेजारच्या तुळसान सांगल्यान, म्हणान बिब्बो लावल्यानी.

डॉ. अक्षया : बिब्बा! त्यावर आणखी काही नाही ना लावलंत?

गुरुदास : चुनो.

डॉ. अक्षया : अरे देवा. थांबा, भिंगातून बघते. पाय हलवू नका… काका, याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत. एकीकडे काळा, एकीकडे तपकिरी. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. हा मेलॅनोमा असू शकतो. म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

गुरुदास : कॅन्सर? टाचेक?

मथुरा : तरी मी सांगत होतंय!

गुरुदास : गप गो. डॉक्टर, तो कॅन्सर उन्हान होता ना? माझ्या होडयेर एक गोरी मडम इली, किल्लो बघूक. अंगभर पांढरा मलम फासून बसलेली, पिठात घोळलेल्या सुरमयेसारखी. माका हसू इला. तर तिच्या वांगडच्या गाइडान सांगल्यान, तिच्या बापाशीच्या पाठीर असलो कॅन्सर झालेलो, उन्हामुळे. आता माझो सगळो जल्म उन्हात गेलो. नाकाक काय नाय, मानेक काय नाय. जंय ऊन कधी पोचला नाय, थंय कसो होतलो?

डॉ. अक्षया : गोऱ्या लोकांना तो जास्त करून ऊन लागतं तिथे होतो. पाठीवर, पायांवर. आपल्याकडे हा आजार मुळातच कमी. पण झालाच, तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी संबंध नसतो. आणि तळपाय कोण बघतं? म्हणून उशिरा कळतो.

गुरुदास : म्हणजे गोऱ्यांका उन्हात, आणि आमका सावलेत? ह्यात पण आमचा उलटाच!

डॉ. अक्षया : तुकडा आजच काढूया?

गुरुदास : मी काढूक देवचंय नाय. आज तुकडो म्हणतल्यात, उद्या पाय कापतल्यात. एका पायान होडी धक्क्याक कशी लावू?

मथुरा : डोक्यान लावा. ता तरी खंय तरी कामाक येयत.

डॉ. अक्षया : पाय नाही कापत, काका. लवकर सापडला तर डाग आणि भोवतालची थोडी कातडी काढली की बहुतेक वेळा भागतं. उशीर केला तर मात्र तो आत पसरतो.

मथुरा : मी डांबर समाजलंय. तेवाच तुमका ओढून हंय हाडूक होया होता.

गुरुदास : तू कित्याक रडतंस? टाच माझी.

मथुरा : टाच तुमची. घर दोघांचा आसा.

गुरुदास : …बरा. काढा तुकडो. पण सुई बारीक घ्या.

(मेलॅनोमाच निघाला. गोव्याला ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर दोघं पुन्हा त्याच दवाखान्यात.)

डॉ. अक्षया : रिपोर्ट चांगला आहे, काका. डाग पातळ होता, खोल गेला नव्हता. पूर्ण निघालाय. आणखी बिब्बे लावत बसला असतात, तर मला हे सांगता आलं नसतं.

मथुरा : तुळसाक मी सांगून ठेवलंय, परत बिब्ब्याचा नाव काढलंस तर तुझ्याच जिभेक लावतलंय.

गुरुदास : डॉक्टर, एक इचारू? टाचेर माझ्या मांडयेची कातडी बसवल्यानी ना. आता चलताना माका वाटता, मी माझ्याच मांडयेर उभो आसंय.

मथुरा : काय तरी लाज बाळगा!

डॉ. अक्षया : होईल सवय. होडीवर परत जायला हरकत नाही, पण बूट घालून. माझ्याकडे तपासणीला येत राहायचं. आणि घरी महिन्यातून एकदा तळपाय, बोटांच्या फटी, नखं बघायची. आपले आपल्याला नीट दिसत नाहीत, म्हणून एकमेकांचे बघा.

गुरुदास : आयकलंस? बस खुर्चेर. पाय दाखय.

मथुरा : माझे? हंय? माझ्या पायांक काय झालाहा?

गुरुदास : ताच बघूचा आसा. माझो चष्मो दी… डाग नाय हो, डॉक्टर. पण ह्यो भेगो बघा. गो, रगात येता ह्यातसून! कधीपासून?

मथुरा : झाली बरीच वर्सां.

गुरुदास : आणि माका सांगूक नाय?

मथुरा : तुमी आज बघल्यात.