पीठ, पण खायचं नाही!

आणि वर काय, तर खायचं नाही! अहो, मैदा चाळायचा, मळायचा, थापायचा, ओव्हनमध्ये भाजायचा, आणि खायचं नाही! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे काढली मी, या हातांनी किती मैदा मळला त्याला गणती नाही, पण न खाण्यासाठी पीठ मळायचं हे अगाध ज्ञान मला कुणी दिलं? तर पहिलीच्या बाईंनी! आमच्या शेंडेफळाच्या दप्तरातून चिठ्ठी आली... ‘दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी. पालकांनी मुलांसोबत मळावे, वस्तू बनवून मंद आचेवर तीन तास भाजावी.’ एक वाटी मीठ! अहो, बेकरीत एवढं मीठ पडलं तर मालक मलाच भट्टीत घालेल!

बायकोला म्हटलं, तू कर. तर ती कमरेवर हात ठेवून, ‘का? जगाला पाव खाऊ घालता, पोरीला एक गोळा मळून देता येत नाही?’ आता बोला! आणि पोरीने तर वर्गात आधीच दवंडी पिटलेली... ‘माझे बाबा पिठाचं काहीही करून दाखवतात!’ झालं. मी पहाटे निघतो तेव्हा ती झोपलेली, ती शाळेतून येते तेव्हा मी घोरत पडलेला, रविवार काय तो आमचा. या एवढ्या एका गोष्टीत बाप तिला थोर वाटतो, तिथेच नाक कापून घेऊ? बसलो मळायला.

काय ते पीठ! ना ताण, ना लवचिकपणा... ओढलं की तुटतंय, मीठ बोटांना खरखरतंय, आणि कालच ट्रेचा चटका बसलेलं माझं बोट! त्यात मीठ असं गेलं म्हणता, मी ओट्यापासून दारापर्यंत दोन फेऱ्या नाचत मारल्या. पोरगी म्हणते, ‘बाबा, हेपण करायचं असतं का?’ म्हटलं, हो, हे लिहायला तुझ्या बाई विसरल्या. मग सवयीने गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि बसलो वाट बघत. अर्धा तास! ती दर दोन मिनिटांनी फडकं उचलते... ‘बाबा, काय होणारे?’ ‘फुगणार, बघ आता!’ त्यात यीस्टच नाही तर फुगतंय कशाला, कपाळ माझं! बावीस वर्षांची सवय हो, हात ऐकतात थोडेच? पण मी म्हणतो, जे फुगत नाही, जे खायचं नाही, त्या पिठाने जन्माला तरी का यावं?

शेवटी जाड चकती थापली. त्यात माझा पंजा उमटवला, आणि माझ्या पंजाच्या आत तिने आपला एवढासा पंजा दाबला. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू? पण मंद आच? तीन तास? मला शिकवतात! तीन तासांत मी अख्ख्या गल्लीचा नाश्ता भाजून मोकळा होतो! फिरवलं बटण शेवटपर्यंत.

दहा मिनिटांत... फुगलं! मघाशी हात जोडले तरी न हललेलं ते कार्टं आता टम्म फुगलं, माझ्या पोटासारखं, वर भेगा, कडा काळ्या. पोरगी ट्रेकडे बघत राहिली. रडली नाही हो. हळूच म्हणाली, ‘बाबा, माझा हात कुठे गेला?’ आणि आतून बायको... ‘चिठ्ठीत मंद लिहिलंय ना?’

पुन्हा मैदा, पुन्हा मीठ, पुन्हा ते बोट! या खेपेला मंद आच, आणि आम्ही बापलेक ओव्हनपुढे फरशीवर. तीन तास! तेवढ्यात तिचा कुठला दात हलतोय, कुणाशी कट्टी आहे, गणितात ती कशी बापावर गेलीय, सगळं मला कळलं. नाहीतर कधी कळणार होतं? चकती निघाली ती अशी गुळगुळीत, दोन्ही हात जागच्या जागी... आणि खायचं नाही! म्हटलं, ने शाळेत, दाखव बाईंना बाप काय चीज आहे!

सोमवारी झोपून उठतो, तर ती चांगली चकती पोरीच्या उशीखाली! ‘अगं, मग शाळेत काय नेलंस?’ ‘फुगलेलं नेलं. हे दिलं असतं तर बाईंनी ठेवून घेतलं असतं ना!’ घ्या! माझ्या बावीस वर्षांच्या अब्रूची ती जळकी भेग अख्ख्या वर्गासमोर! तिची वही उघडली. लाल शाईत बाईंचा शेरा... ‘कासव फारच सुंदर! आईंनी घेतलेली मेहनत दिसते.’

बायको हसून हसून खाली बसली. आता भांडायला जाऊन बाईंना सांगू तरी काय? म्हटलं, जाऊ दे... कासवही मीच, आईही मीच!