बाबांना रागावले, ऐकलं सगळ्यांनी

— तू आधी तो चहा खाली ठेव आणि नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही.

— बोलले का मी?

— आमचं अ‍ॅप नाही का, औषधांची आठवण करून देणारं? त्यात आता आवाजातून आठवण येणार. म्हणून मी करून बघायला बाबांसाठी रेकॉर्ड केलं, "बाबा, बीपीची गोळी घेतलीत का? खोटं बोलू नका, मी पाकीट बघणारे!"

— बिचारे काका!

— बिचारे कसले! पाठवताना 'फक्त बाबा' निवडायचंच राहिलं. सकाळी सगळ्या पेशंटना गेलं गं. सगळ्यांना!

— मेलीस!

— मेलेच होते. त्यात दुपारी गुंतवणूकदार यायचे. सर लालबुंद. "मीटिंग होऊ दे, मग तुझं बघतो!"

— म्हणजे नोकरी गेली?

— ऐक ना! इकडे लोकांची उत्तरं यायला लागली. "घेतली गं बाई." "रागावू नकोस, खाऊन घेतो की लगेच." एका आजोबांनी तर रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवला!

— (हसत) थापा नको मारूस!

— देवाशप्पथ! मीटिंगमध्ये सरांचं सुरू, जाहिराती करू, सवलती देऊ, ग्राहक वाढतील. तर त्या गुंतवणूकदार बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. आज एवढ्या लोकांनी अ‍ॅप कशामुळे उघडलं?" सर बघतायत माझ्याकडे.

— आणि तुझं ततपप.

— आधी ततपप, मग सुटलेच! म्हटलं, घराघरात कुणीतरी रागावणारं असतंच. मुलगी, सून, नवरा. त्यांनाच रेकॉर्ड करू द्या. एका पेशंटमागे घरचं आणखी एक माणूस आपणहून अ‍ॅपवर येईल.

— भारी!

— बाई टाळी देऊन हसल्या. म्हणाल्या, हेच करा. आणि सर लगेच, "आमच्या टीमचं हेच चाललं होतं!"

— काय पण माणूस!

— जाऊ दे गं, नोकरी राहिली! मग संध्याकाळी अ‍ॅपमधून माझा आवाज काढून टाकायला बसले, तर एका आजींचा निरोप. "मला रागवायला घरात कुणी उरलं नाही. ही पोरगी राहू दे."

— अगं...

— सर म्हणाले, एकीसाठी वेगळं नाही ठेवता येणार. काढ.

— काढलास?

— बाकी सगळ्यांकडचा काढला. आजींसाठी मात्र रोज सकाळी केस विंचरता विंचरता नवीन ओरडा रेकॉर्ड करून पाठवते. सरांना पत्ताच नाही. तू काय केलं असतंस?