मावशींकडे भांडायचं नाही

मावशींकडे भांडायचं नाही! का? तर नाही म्हणजे नाही, त्यात का कसलं आलंय! आमच्या घरात या एका नियमाबद्दल कुणी तोंड उघडलं की आजोबा चष्म्याच्या वरून बघतात, आणि आजोबांनी चष्म्याच्या वरून बघितलं की विषय संपतो.

मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत हं. गल्लीच्या टोकाला त्यांचं हॉटेल आहे, सात टेबलांचं. आणि तुम्हाला सांगते, असं हॉटेल शोधून सापडायचं नाही! तुम्ही दार ढकलेपर्यंत आजोबांच्या पाठीची उशी खुर्चीत आलेली असते, बाबांचं बिनमिठाचं सूप वेगळं काढलेलं असतं, आणि मी गणितात आपटले त्या दिवशी मावशींनी चकार शब्द न काढता माझ्या ताटात दोन कटलेट जास्त ठेवले होते... कुणी सांगितलं असेल त्यांना? कुणी नाही! नुसतं तोंड बघून! आता अशा बाईसमोर भांडणार कोण?

आणि नेमकं हेच आमच्या मोठ्या माणसांनी हेरलंय! घरी सांगितलं तर छप्पर उडेल अशी प्रत्येक गोष्ट मावशींकडे सांगायची. माझी सायकल चुलतभावाला दिली, कुठे सांगितलं? मावशींकडे. मला भाषा घ्यायची होती, सायन्स घ्यायला लावलं, मावशींकडे. आणि मी काय करायचं? घास गिळायचा, मान डोलवायची. कारण... मावशींकडे भांडायचं नाही!

बरं, त्याची खूणही ठरलेली. बाबांनी आधीच गोड मागवलं की समजायचं, आज कुणाचा तरी बळी जाणार.

काल आजोबा, आई-बाबा, काका आणि मी आत शिरल्या शिरल्या बाबा म्हणाले, "मावशी, पाच पुडिंग." पाच! अजून सूपसुद्धा आलं नव्हतं हो! माझ्या पर्समध्ये नोकरीचं पत्र होतं, दुसऱ्या शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. सही करून दुसऱ्या दिवशी पाठवलं नाही तर जागा गेली!

बाबा खाकरले. "हे बघ बाळा..."

"थांबा थांबा, सूप कोमट झालंय, बदलून आणते!" मावशी.

नवीन सूप आलं.

"हे बघ बाळा..."

"आजोबा, उशी सरकली का?"

अहो, इथे माझ्या नोकरीचा प्रश्न, आणि काका उशीचं कौतुक करतायत! शेवटी काकाच म्हणाले, "उद्यापासून तू माझ्या चष्म्याच्या दुकानात बसायचं. घरचंच दुकान. लांब कुठे जाते आहेस पाणी तपासायला? पाणी काय इथे नाही?"

"त्या लोकांना मी सकाळी फोन करून नाही म्हणतो," बाबा.

आणि आई? मी तोंड उघडायच्या आधीच, "आवाज हळू हं!" अगं, मी अजून आवाज काढलाय कुठे!

मीठ मागावं तितक्या हळू म्हटलं, "मावशी, जरा पेन देता?"

मावशींनी कानामागचं पेन काढलं. मी पत्र उलगडलं. त्यांनी एकदा पत्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खांद्यावरच्या फडक्याने टेबल कोरडं केलं. "ओल्यावर ठेवू नकोस, शाई पसरेल."

मी सही केली. "काका, मी दुकानात बसणार नाही. बाबा, फोन करू नका. मी जाणार आहे."

बाबा लालबुंद! तोंड उघडलं, हात वर गेला, आता टेबलावर आपटणार... तेवढ्यात आई, माझी आई, पुटपुटली, "अहो... मावशींकडे..."

हात तसाच खाली आला. काका भिंतीकडे बघायला लागले. आजोबांनी चष्म्याच्या वरून बघायला मान खाली घातली ती वर आलीच नाही. इतकी वर्षं मी गप्प बसत होते ना, तसे चौघंही गप्प.

आणि मग आली पाच पुडिंग. कुणी हात लावेना. आणि मावशींकडे ताटात टाकायचंही नाही, हा दुसरा नियम. त्याला माझा काही विरोध नाही हो... पाचही मलाच संपवावी लागली.