सातव्या ओळीतली सही

जबाब देणारी : महिला, वय ५३ वर्षे, धंदा – तयार कपड्यांच्या कारखान्यात हजेरी कारकून, राहणार – पिठाच्या गिरणीवर, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी बोलावलेले नसताना, जबाब लिहून देते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती निवृत्त असून त्यांचा एक गुडघा दुखतो, त्यामुळे ते सावकाश चालतात. कारखान्यातली माणसे त्यांना "मागचा डबा" म्हणतात. हे नाव मीच पाडले आहे.

गेल्या रविवारी आमच्या खात्यातले सहाजण, मी धरून, व माझे पती असे सातजण दोन गाड्यांतून जलाशयावर सहलीला गेलो. सकाळी १०.१५ ला पोहोचलो. काठावर बसून डबे खाल्ले. दुपारी १.३० ला टेकडीच्या पायवाटेला लागलो. पायवाटेच्या फाटकावर रखवालदार असतो. त्याच्या चौकीच्या खिडकीला एक वही दोरीने बांधलेली आहे. आत जाताना प्रत्येकाने नाव लिहायचे व बाहेर पडताना त्यापुढे वेळ घालून सही करायची.

उतरताना दुसऱ्या बाकापाशी माझे पती बसले. म्हणाले, "जरा थांबतेस का?" मी म्हणाले, "तुमचं कायमचंच आहे. या मागून." त्यांचा फोन व पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती.

४.४० ला आम्ही फाटकाशी आलो. गर्दी होती. चालक हॉर्न वाजवत होते. रखवालदाराने विचारले, "बाई, सगळे आले का?" मी म्हणाले, "आले हो, मागेच आहेत," आणि सातही नावांपुढे सह्या केल्या. कारखान्यात लवकर सटकणाऱ्यांच्या सह्या मी सव्वीस वर्षे करत आले आहे. कोणाची सही कशी वळते ते मला पाठ आहे. जित्याची खोड, दुसरे काय. हे इथे लिहून दिल्याने माझी नोकरी जाईल, याची मला कल्पना आहे.

मी पुढच्या गाडीत बसले. पती मागच्या गाडीत, आमच्या खात्यातल्या फिटरशेजारी, जाताना आले तसेच येतील असे मी धरून चालले. मागच्या गाडीतल्यांनी ते माझ्याबरोबर आहेत असे धरले. घरी येऊन मी दोन ताटे घेतली. ७.३० पर्यंत वाट पाहून फिटरला फोन केला, तेव्हा उलगडा झाला.

मी ठाण्यात येऊन पती हरवल्याची खबर दिली. ठाण्यातून रखवालदाराला फोन गेला. तो म्हणाला, "सातही बाहेर पडलेत, सह्या आहेत. साडेपाचला कुलूप लावून निघालो." त्यामुळे शोध बसथांब्यांवर व नातेवाइकांकडे झाला. मी इथेच, या बाकावर बसले होते. सही माझी आहे हे तेव्हा का सांगितले नाही, असे विचारता सांगते की, तोंड उघडले नाही.

सोमवारी सकाळी ६.४५ ला मासे धरणाऱ्या एकाला माझे पती सांडव्याच्या दगडी उतारावर पडलेले आढळले. कुंपणाच्या कडेने बाहेर येऊ पाहत होते. कंबरेचे हाड मोडले असून ते दवाखान्यात आहेत.

माझ्या धाकट्या दिरांनी रखवालदाराविरुद्ध तक्रार दिली असून त्याला घरी बसवले आहे. मी दिरांना खरे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, कशाला हात दाखवून अवलक्षण? गप्प बसा." काल रखवालदाराची बायको दवाखान्यात आली, दाराशी उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये, एवढीच विनंती आहे.

आज वही मला दाखवली. सातव्या ओळीतली ४.४० ची सही माझ्या हातची आहे. चांगली जमली आहे. तिच्याखाली त्याच नावाची आणखी एक सही आहे, वेळ ५.५०. ती माझ्या पतींची आहे. फाटकाला कुलूप, चौकीत माणूस नाही, तरी त्यांनी वही उघडून, वेळ घालून सही केली. ते तसेच आहेत. वरची सही त्यांनी पाहिली असणार.

दवाखान्यात त्यांनी पोलिसांना "काही आठवत नाही" असे सांगितले आहे. त्यांना सगळे आठवते. मी उशाशी बसते. ते पाणी मागतात, मी देते. सहीचे त्यांनी मला अजून विचारलेले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. मी थकले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, कमीजास्त काही नाही. खाली सही केली आहे. ती माझी आहे, माझ्याच नावाची आहे.