मी त्यायचं नाव घेतलं

माहं माहेर नागभीडकडलं, गावाच्या मांगून रेल्वे जाते, आन् माहेरचं माहं नाव सिंधू, पन लग्नात यायनं, म्हंजे माह्या मालकानं, ताटातल्या तांदळावर दुसरं नाव लिहलं, पारबता, तवापासून मी साऱ्यायसाठी पारबता. आमी ढिवर लोक, पान्यावर जगनारे. माहेरी बी तलाव, सासरी बी तलाव, तिकडं झिंगे सुकवत होती, इथी आल्यावर बी झिंगेच सुकवले. शाळा मी पाह्यली ती बाहेरूनच, आत गेली ते मत टाकाले, आन् मत टाकाची मले मोठी हौस, हसू नोका बाई, खरंच सांगते. त्या दिवशी कोनी म्हनत नाई का चाल लवकर, भाकरी टाक, जाळं धू. त्या दिवशी लुगडं चांगलं, केसाले तेल, आन् आतमंदी गेलं का आपल्याले कोनी ढकलत नाई, साहेबबी बाई म्हनते. सरपंचाचं जेवढं मत तेवढंच माहं. असा दिवस आमच्या जिंदगीत दुसरा कोनता आहे, तुमीच सांगा.

आता तुमाले एक गोठ समजून घ्या लागन, नाईत पुढचं काई ध्यानात येनार नाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते. तुमी घेता, तुमच्यात चालते, आमच्या पोरीबी घेऊन राह्यल्या आता, मोबाइलवर अरे-तुरे करते त्या, पन आमच्या उमरीच्या बाया नाई. सुमन माही लेक, लग्न होऊन गेली, त सुमनचे बाबा म्हनाचं, नाईत आमच्या घरचे म्हनाचं. बरं, नवऱ्याचंच नाई, सासऱ्याचं बी नाई, भासऱ्याचं, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, त्याचं बी नाई. आन् आमचा सारा मोहल्ला एकाच भावकीचा. मंग हिचा नवरा तो तिचा भासरा, तिचा नवरा तो हिचा चुलतसासरा, असं करता करता मोहल्ल्यातल्या कोन्याच माणसाचं नाव कोन्याच बाईले घेता येत नाई! आमची सयाबाई, बुढी आहे, तिच्या नवऱ्याचं नाव बुधराम. नवरा मरून जमाना झाला, तरी ती बुधवार म्हनत नाई. मंगळवारच्या उद्या म्हनते. बाजार बुधवारी, त सारा गाव तिले मुद्दाम इचारे, सयाबाई, बाजार कवा आहे व?

त झालं असं का मतदार यादी तपासाले एक मास्तर आला. पोरगाच होता, दूरचा, बोलाले चांगला, त्याले मी दोष देत नाई. पन तो आला मिरचीच्या हंगामात, माणसं सारी तेलंगनात मिरची तोडाले गेली, राह्यलेले तलावावर, घरी बाया आन् बुढ्या. त्यानं इचारलं, बाई तुमचं नाव? सांगितलं. नवऱ्याचं नाव? आता काय सांगाचं. मी म्हनलं सुमनचे बाबा. तो म्हने बाई, सुमनच्या बाबाले काई नाव असन ना. सासू घरी नव्हती, मी पदर तोंडाले लावला, म्हनलं जावेले इचारा. जाऊ म्हने मले कसं चालन, माहा भासरा लागते तो. तिच्या नवऱ्याचं नाव मले इचारलं, दीरच तो माहा, पन लाजेनं मले बी नाई जमलं. साऱ्या मोहल्ल्यात हेच. आमी हसून हसून दमलो, त्याले च्या पाजला, तोबी हसला, कागदावर काईतरी लिहून गेला. आमाले वाटलं, झालं काम. कोनाले मालूम का आमी हसून राह्यलो आन् तिकडं आमची मतं कापनं चालू आहे.

ग्रामपंचायतीचं मतदान आलं तवा समजलं. सकाळीच गेलो आमी. माणसायची नावं यादीत, आमची नाई. सयाबाई सगळ्याइच्या पुढं, लेकीनं पाठवलेलं नवं लुगडं घालून, घडीच्या रेषाबी मोडल्या नव्हत्या त्याच्या. आतला साहेब म्हने बाई, तुमचं नाव नाई. ती म्हने पाय ना बापा, सया म्हनून पाय. तो म्हने नाई. ती म्हने बाई म्हनून पाय. मंग तिले हाताले धरून बाहेर आनलं. मंग दुसरीले, मंग मले. शाळेच्या पायरीवर आमी बाया उभ्या राह्यलो आन् गावातली माणसं आमच्या बाजूनं आत जाऊन राह्यली, बोटाले शाई लावून बाहेर येऊन राह्यली. मले असं वाटलं बाई, का मी आहेच नाई. सयाबाईनं घरी येऊन लुगडं घडी करून ठेवलं, म्हने मेल्यावर घाला आता.

मी घरी रडली. आमच्या घरचे जाळं विनत होते, ते म्हनले रडते काऊन, जा ना, भांड ना, माह्याशी त रोज भांडते. माणूस असाच होता, हसरा. जाळ्यातून नजर काढत नसे आन् बोलनं बंद करत नसे.

अंगनवाडीची शालूबाई, ती दुसऱ्या गावची, तिनं तालुक्याले जाऊन इचारून आनलं. नाव-पत्ता जुळला नाई म्हनून नावं गेली म्हने. परत घालता येते, पन ज्या बाईचं नाव गेलं तिनं सोता साहेबापुढं याचं, आपलं नाव, नवऱ्याचं नाव तोंडानं सांगाचं. मंग तिले संगं घेऊन मी फिराले लागली. आमच्या मोहल्ल्यात, तलावाच्या पाळीपल्याडच्या गावात, पोंभुर्ण्याच्या रस्त्याले जे आमचे सोयरे आहेत त्यायच्याकडं, बचतगटाच्या बायाइकडं, जिथी तिथी हेच झालं होतं. मले बोलता येत नव्हतं चार लोकात, पन बोलत गेली त येऊन राह्यलं. म्हनत जाऊ, बायायहो, जित्याचं नाव यादीत पाह्यजे आन् मेलेल्याचं निंगाले पाह्यजे, मेलेल्याच्या नावानं दुसराच कोनी मत टाकून जाते. सांगत जाऊ सारं. बाया हो म्हनत, आन् नवऱ्याचं नाव घ्याची गोठ निंगाली का चूप. मले बी आतून भेवच होतं. पैली कोन घेनार, यावर सभा अटकली.

एका सांजच्याले मी जेवन वाढत होती, आमच्या घरच्यायनं इचारलं, काय झालं तुमच्या सभेचं? मी म्हनलं काई नाई, कोनी पैली होत नाई. ते म्हनले तू हो. मी म्हनलं अशी कशी होऊ. ते म्हनले, घे न व माहं नाव, मोठ्यानं घे, मी काई मरत नाई.

सासू तिथंच बसली होती. तिनं ताट सरकवलं.

मोर्चा उन्हाळ्यात निंगाला, तालुक्याले. ट्रॅक्टर केले, कोनी पायीच आलं, तळ्याकाठच्या साऱ्या गावच्या बाया, डोक्यावर पदर, हातात काई नाई, नारा एकच, नाव आमचं, मत आमचं. माणसंबी आली होती संगं. आमच्या घरच्यायनं पान्याचा ड्रम आनला होता ट्रॅक्टरवर, गिलास भरभरून बायायले देत होते, म्हनत होते प्या व, आज तुमचा दिवस. साहेब बाहेर आले, खुर्ची-टेबल टाकला, माइक लग्नातला. म्हनले सांगा एकेक. आन् साऱ्या बाया एकमेकीच्या मांगं सरकल्या. माह्या पाठीवर कोनाचा तरी हात पडला आन् मी पुढं गेली. म्हनलं, माहं नाव पारबता. साहेब म्हनले नवऱ्याचं? मी डोळे मिटले आन् म्हनलं, दयाराम.

माइकमंदून ते नाव सारीकडं गेलं बाई. एवढ्या वर्षाच्या संसारात पैल्यांदा मी ते आपल्या तोंडून ऐकलं. आन् तिकडून ट्रॅक्टरवरून हे वरडले, ओ! जशी मी घरातून हाक मारली. सारी गर्दी हसली, साहेबबी हसले, आन् मंग काय, बाया थांबल्याच नाई. सयाबाई माइकापाशी गेली, बुधराम म्हनली, आन् माइक सोडेचना, म्हने आज बुधवार आहे, बुधवार, बुधवार! नाचली बुढी. मी तवा किती खूश होती, तुमाले कशी सांगू. वापस येताना ट्रॅक्टरवर मी यायच्याजवळ बसली, ते हळूच म्हनले, एकट्यात ते मले माहेरच्याच नावानं हाक मारत, म्हनले, सिंधू, अजून एकदा घे न. मी म्हनलं चूप बसा, लोकं पाहून राह्यले.

घ्याले पाह्यजे होतं.

नावं आली आमची, सारी आली. आन् पानकळा लागला, पाऊस सुरू झाला, आन् यायले ताप आला. आधी वाटलं साधा, येते जाते, पन तो डोक्यात गेला. चंद्रपूरले नेलं, डाक्टरनं जेवढं करता येते तेवढं केलं. ते शेवटी कोनालेच ओळखत नव्हते, सुमनले बी नाई. मले मातर म्हनत, सिंधू, जाळं वाळत घातलं का? मी म्हनत जाऊ, हो घातलं. ते गेले आन् मले सिंधू म्हननारं कोनी राह्यलं नाई.

तेरवी झाली, पाहुने गेले, आन् सासू माह्यासमोर बसली आन् म्हनली, माइकात घेतलं नाव, साऱ्या दुनियेत घेतलं, खाल्लं माह्या लेकाले. झालं तुह्यं मत? भेटलं? आता बस घेऊन. आईच होती ती, तिचं बी काळीज फाटलंच होतं. पन मी रोज झिंगे निवडता निवडता हेच निवडत बसते बाई. नाव त साऱ्यायनं घेतलं. जावेनं घेतलं, तिचा मालक धडधाकट आहे. पल्याडच्या गावच्या बायायनं घेतलं, साऱ्याइचे जिते आहेत, मासे मारून राह्यले. शालूबाई म्हनते ताप डासानं येते, नावानं येत नाई, मले बी ते समजते, मी काई येडी नाई. मंग माह्याच काऊन? मी पैली होती म्हनून का? कोनी मले एवढं सांगाले पाह्यजे.

मतदान झालं मंग, मोठं, आमदारकीचं. मी जानार नव्हती. सयाबाई आली, तेच लुगडं घालून, म्हने चाल, तुह्याशिवाय आमी जात नाई. गेली. आतला साहेब यादी वाचत होता मोठ्यानं, पारबता दयाराम म्हनला, आन् मी तिथंच उभी राह्यली. मांगून बाया म्हने सरक व. बटन दाबलं, आवाज आला, बाहेर आली. बाया एकमेकीले शाईचं बोट दाखवत होत्या, फोटो काढत होत्या, हसत होत्या, आन् मले घरी जाऊन बोट कोनाले दाखवाचं ते समजत नव्हतं. पन खोटं नाई बोलत, साऱ्या बाया त्या पायरीवरून शाई लावून उतरताना पाह्यल्या आन् मले बरं बी वाटलं. दोन्ही वाटलं. एकाच वेळी.

आता परत यादी तपासनं चालू झालं. या वेळी हे काम शालूबाईकडंच आहे. परवा ती आमच्या आंगनात आली, खाली मान घालून. तिले मालूमच आहे सारं, तरी इचारा लागते. म्हने काकू, घरात मतदार किती? मी काई बोलाच्या आधी सासू खाटेवरून म्हनली, तीन. मी, माहा दया, आन् ही सून. शालूबाई माह्याकडं पाहे. सासू म्हनली, लिही तीन. त्याचं नाव यादीत आहे न, राहू दे. कोनाचं काय जाते? माइकात घेऊन मारलं, आता कागदावरून बी पुसता का व त्याले?

मी, बाई, जी गावोगाव सांगत फिरली का मेलेल्याचं नाव निंगाले पाह्यजे. ज्या शालूबाईले मी संगं घेऊन फिरली, तीच समोर उभी. ती म्हने काकू, मी पुढच्या खेपेले लिहते, राहू द्या. चांगली पोरगी आहे. मी म्हनलं नाई. दोन लिही. ती म्हने जे गेले त्यायचं नाव घरच्यायनं सांगा लागते. मी सांगितलं. दयाराम. माइक नव्हता, हळूच म्हनलं, तरी सासूनं कान झाकले. शालूबाईनं रेघ मारली, मी त्याच्याखाली सही केली, सही शिकली मी त्या मोर्च्याच्या वेळी. तवापासून सासू माह्या हातचं खात नाई. शेजारच्या घरून जाऊ भाकर आनून देते, ती खाते. मी दारातून पाहते, ती जेवली का नाई.

लिहा तुमी हे, बाई. लिहा का आमच्या घरी मतं दोन आहेत, आन् दोघीबी जित्या आहोत. आन् तुमच्या घरची सारी नावं त्या यादीत राहो, बाप्पा, सारी, लई दिवस.